खोकी रद्दीत देऊ नका: नाशिकच्या मॉडेल रेल्वेवाल्यांना खुलं पत्र

मंडळी नमस्कार,

मागच्या रविवारी नाशिकरोडच्या आपल्या खोलीवर जे ठरलं ते मला अजिबात पटलेलं नाही. तेव्हा बोललो नाही, कारण विषय निघाला तेव्हा मी लेआउटखाली, म्हणजे आपल्या छोट्या रेल्वेच्या रुळांच्या मांडणीखाली, पाठीवर पडून यार्डातल्या तिसऱ्या पॉइंटची (गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याची) मोटर सोल्डर करत होतो, बाहेर येईपर्यंत सगळ्यांचं हो झालं होतं आणि चहा पण आला होता. ठरलं काय, तर दसऱ्याच्या आत खोलीला रंग द्यायचा, त्यासाठी माळा रिकामा करायचा आणि माळ्यावरची सगळी रिकामी खोकी येत्या शनिवारी रद्दीवाल्याला देऊन टाकायची. ग्रुपवर दोन ओळी टाकल्या असत्या तर चार अंगठे आले असते आणि मेसेज वर सरकून गेला असता, म्हणून नीट बसून पत्र लिहितोय. आणि उघड लिहितोय कारण सिन्नर, ओझर, मनमाडकडे पण हा नाद असलेली माणसं आहेत, आणि दिवाळीची साफसफाई आली की घरोघरी हाच प्रश्न येतो, की बाबा रे ही रिकामी खोकी अजून किती वर्ष सांभाळायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिनांची आणि डब्यांची खोकी टाकू नका. रुळांची टाका, घरांच्या किटची टाका, कुरियरचा बाहेरचा पुठ्ठा तर आजच्या आज टाका, पण ज्या खोक्यात इंजिन आलं ते खोकं त्या इंजिनाचाच एक भाग आहे, जशी त्याची चाकं तसं ते खोकं.

हे मी उगाच भावनेने बोलत नाहीये, कारण सांगतो. गंगापूर रोडला एक काका राहायचे, आपल्यातल्या जुन्यांना माहितीयेत, नाव लिहीत नाही. करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले, सगळं आयुष्य कागद आणि छपाईत गेलेलं. ते गेले त्याच्या तीन महिन्यांनी त्यांच्या मुलाचा मला फोन आला, की दादा, बाबांच्या गाड्यांचं काय करायचं ते मला काहीच कळत नाही, तुम्ही एकदा येऊन बघा. मी आणि आपल्यातले अजून दोघं गेलो. घरात दोन ठिकाणी माल होता. एक लोखंडी कपाट, त्यात रिटायर झाल्यानंतर घेतलेल्या गाड्या, सगळ्या आपापल्या खोक्यात. आणि पलंगाखाली एक ट्रंक, त्यात त्याच्या आधीच्या, ज्यांची खोकी क्वार्टर सोडताना टाकून दिली होती, त्या जुन्या टॉवेलात आणि बनियनच्या कापडात गुंडाळलेल्या.

कपाटातलं पहिलं खोकं उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, अगदी बारीक अक्षरात, इंजिन कधी घेतलं, कुठून, कोणी आणून दिलं, पैसे किती गेले, तेल कधी दिलं, पुढचा बफर (टोकाचा धक्का झेलणारा दांडा) कधी बदलला. प्रत्येक खोक्यात असंच. एका झाकणावर शेवटची ओळ होती, ‘नातवाने चालवलं, पहिल्यांदा’, आणि खाली तारीख. मुलगा ते खोकं हातात घेऊन तसाच पलंगावर बसला, आम्ही बाकीची उघडत राहिलो आणि तो तेवढंच एक वाचत राहिला, मग म्हणाला हे बाबा लिहून ठेवायचे हे मला माहीतच नव्हतं. आत ट्रे जागेवर, कागद जागेवर, ब्रेकचे छोटे पाइप आणि शिड्यांची ती नखाएवढी पाकिटं न फोडता तशीच. दीड तासात त्या कपाटाची पूर्ण यादी झाली.

ट्रंकेला आम्हाला दोन रविवार लागले आणि तरी काम पूर्ण झालं नाही. अकरा इंजिनं निघाली. दोघांचे पँटो (विजेच्या इंजिनाच्या छतावरचे, वरच्या तारेला टेकणारे हात) एकमेकांत अडकून वाकलेले, एका वाफेच्या इंजिनाचा टेंडर, म्हणजे मागची कोळशा-पाण्याची गाडी, दुसऱ्याचाच, हँडरेल तुटून टॉवेलाच्या धाग्यात गेलेल्या. कोणतं मॉडेल, कोणत्या साली आलेलं, आत डिकोडर (इंजिनाला हुकूम कळवणारी चिप) आहे की साधं डीसी करंटवर चालतं, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. शेवटी कपाटातली सहा मुलाने स्वतःकडे ठेवली, उरलेली आपल्यातल्याच लोकांनी योग्य पैसे देऊन घेतली, आणि ट्रंकेतली सगळी एका लॉटमध्ये गेली, जिथे किंमत किती धरायची हे घेणाऱ्याला सांगता येत नव्हतं आणि देणाऱ्याला पण. माणूस एकच, हौस एकच, सांभाळणारे हात तेच, फरक फक्त खोक्यांचा होता.

त्यामुळे रविवारी जेव्हा कुणीतरी म्हणालं ना की रिकामा पुठ्ठा कशाला जपायचा, तेव्हा मला वाटलं की आपण एकदा त्या पुठ्ठ्यात काय काय असतं ते बघूया.

खोक्याच्या डोक्यावर लेबल असतं. हॉर्नबीचं असेल तर आर अक्षर आणि पुढे आकडे, मार्कलिनचं असेल तर पाच आकडी नंबर, बाकी कंपन्यांचं आपापलं. आपण म्हणतो नंबर काय करायचाय, पण एकच इंजिन कंपनी दहा वेळा काढते, कधी रंग वेगळा, कधी अंगावरचा गाडी नंबर वेगळा, कधी आत नुसता सॉकेट, कधी डिकोडर बसवलेला, कधी साउंडसकट, आणि बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. स्पेअर मागवायचा म्हटलं तर तो त्या नंबरावरच मिळतो. पुढच्या वेळी गिअर तुटला आणि नेटवर शोधायला बसलात की कळेल.

मग आत घडी घातलेला कागद, ज्यावर सगळे भाग सुटे करून काढलेले असतात. बॉडी कुठल्या स्क्रूने उघडते की नुसत्या क्लिपांवर आहे, तेलाचा थेंब नेमका कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही, चाकाच्या रबराचा नंबर काय, हे सगळं तिथे आहे. माझ्याकडे एक परदेशी इंजिन होतं ज्याचा कागद मी खोक्याबरोबर टाकला होता, बॉडी निघेना म्हणून पातळ स्क्रूड्रायव्हर बाजूने घातला, क्लिप असेल या अंदाजाने, आणि कट्ट करून आवाज आला. क्लिप नव्हतीच तिथे, स्क्रू होता, मधल्या टाकीच्या आत लपवलेला. आजही त्या बॉडीची एक बाजू अर्धा मिलिमीटर उचललेली दिसते, नवख्याला दिसणार नाही पण मला दर वेळी दिसते.

डिकोडरचं तर विचारूच नका. सॉकेट ८ पिनचा आहे की २१ पिनचा की नेक्स्ट१८ हे कागदावर लिहिलेलं असतं. नवीन डिकोडरचा पत्ता ३ असतो हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, पण कुणीतरी तो बदलून ठेवला असेल आणि इंजिन रुळावर नुसतं ढिम्म उभं असेल तर रीसेट करायला लागतो. बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये, म्हणजे आठव्या नंबरच्या सेटिंगमध्ये, ८ लिहिलं की रीसेट होतो, पण सगळ्यांमध्ये नाही, काहींचा आकडा वेगळा, काहींचा सीव्हीच वेगळा. मग तो कागद शोधायला आपण कुठे जातो, त्याच माळ्यावर जातो ना?

आणि ट्रे. त्या इंजिनाच्याच साच्यातून काढलेला पातळ प्लॅस्टिकचा ट्रे, ज्याला आपण सर्रास थर्माकोल म्हणून फेकतो. एकदा इंजिन त्यात ठेवून बाजूने बघा, सगळं वजन खालच्या चासीवर आणि मजबूत टोकांवर येतं, हँडरेल, आरसे, शिड्या, पँटो यांच्याभोवती मोकळी जागा सोडलेली असते. एचओचं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मापाचं, मोठं इंजिन अर्ध्या किलोपर्यंत जातं, आणि त्याच्या अंगावर केसाएवढ्या जाडीचे भाग असतात. टॉवेलात गुंडाळलं की ते अर्धा किलो त्या केसावर येतं, एवढा साधा हिशोब आहे.

आता आपल्या इथली गोष्ट सांगतो. आपण नाशिकचे लोक, पॅकिंग म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून जी द्राक्षं रॉटरडॅमला जातात त्यांचं पॅकिंग ज्याने पॅकहाउसमध्ये उभं राहून बघितलंय त्याला माहितीये. घड पनेटमध्ये (प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात), खाली बबल शीट, वर ग्रेपगार्डचा पॅड, मग पुठ्ठ्याचं खोकं, मग पॅलेट. मण्यावरचं ते पांढरट चूर्ण पुसलं जाऊ नये म्हणून बायका घड फक्त देठाला धरून उचलतात. आठवडेच्या आठवडे प्रवास करून माल उतरतो आणि त्या चुर्णावर बोटाचा ठसा नसतो. एका घडासाठी आपला तालुका एवढं करतो आणि आपण ज्या इंजिनासाठी दोन-दोन महिने पैसे साठवतो ते रुमालात बांधून अॅक्टिव्हाच्या डिकीत टाकून सातपूरहून नाशिकरोडला आणतो, आणि रस्ते कसे आहेत ते मी लिहायला नको.

(यावरून एक आठवलं, ज्यांनी ज्यांनी द्राक्षाची रिकामी खोकी गाड्या ठेवायला आणलीत त्यांनी ती आधी बघा. ग्रेपगार्डच्या पॅडमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो, बुरशी मरावी म्हणून, आणि ओलाव्याबरोबर तोच वायू धातूला खातो. पॅड आत राहिला असेल तर तो काढून टाका, आणि खरं सांगायचं तर ते खोकंच वापरू नका.)

दर रविवारच्या ने-आणीचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्यावर बैठकीत कुणी बोललं नाही. आपला लेआउट कसारा घाटाचा आहे, ३७ ला १ चा चढ, खऱ्या घाटात गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावायला लागतात तसे आपण पण लावतो, आणि तीच तर आपल्या लेआउटची मजा आहे. पण त्यासाठी प्रत्येक जण आपापलं इंजिन घरून आणतो आणि रात्री परत नेतो. म्हणजे एका वर्षात एकेक इंजिन शंभर वेळा उचललं जातं, बॅगेत जातं, बाहेर निघतं. गेल्या दोन वर्षांत आपल्या लेआउटवर जे काही तुटलंय ते आठवून बघा, रुळावरून घसरून तुटलेलं किती आणि बॅगेतून बाहेर काढलं तेव्हाच तुटलेलं होतं असं किती. ज्या तिघांकडे केटो कंपनीच्या एन स्केलच्या (एचओहून लहान मापाच्या) डब्यांचे ते पुस्तकासारखे उघडणारे केस आहेत त्यांचा आजपर्यंत डबे जोडणारा एक कपलर पण गेलेला नाही, कारण ते पुस्तकासारखं उघडतात, गाडी काढतात, चालवतात, परत फोमच्या खाचेत ठेवतात, बंद.

माझं स्वतःचं नुकसान झालंय ते पण सांगतो. एक इंजिन मोटर बदलायला मुंबईला पाठवायचं होतं, खोकं मागच्या दिवाळीला रद्दीत गेलेलं, मग साडीच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे आणि कापूस भरून कुरियर केलं. तिकडे पोचलं तेव्हा पँटोचा एक हात निखळलेला आणि पुढच्या कपलरचा पॉकेट चासीपासून तुटलेला. मोटरचं काम झालं, पण पँटोसाठी सात महिने थांबलो, आणि त्या सात महिन्यांत ते इलेक्ट्रिक इंजिन घाटात पँटोशिवाय चालवायला मला बघवत नव्हतं म्हणून कपाटातच राहिलं. कापसाचे तंतू गिअरमध्ये गेले होते ते वेगळंच, चिमट्याने एकेक काढावे लागले.

आता तुमच्या बाजूने जे बोललं गेलं त्याच्याकडे येतो, कारण त्यात खरं पण आहे.

एक, जागा. मान्य, सिडकोतल्या दोन खोल्यांत जागा कुठून आणायची. पण खरंच किती जागा लागते ते मोजूया. एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा खरा साडेतेवीस मीटरचा, एचओमध्ये ८७ ने भागला की २७ सेंटिमीटर, खोकं धरून फूटभर. पूर्ण २४ डब्यांचा रेक कुणाकडे असेल, आणि आपल्याकडे तसा एकाकडेच आहे, तर त्याची सगळी खोकी मिळून पाण्याचे २० लिटरचे दोन जार ठेवता येतील तेवढी जागा पण व्यापत नाहीत. पलंगाच्या बॉक्समध्ये एका कोपऱ्यात बसतात. त्यातूनही जागा नसेल तर बाहेरचा पुठ्ठा घडीवर सपाट करा, आतले ट्रे एकात एक बसतात, जसे मसाल्याचे डबे बसतात तसे, आणि मग तीस खोक्यांचा एक छोटा गठ्ठा होतो. रद्दीवाला पण सपाट करूनच नेणार आहे ना, मग तेवढंच आपण करू की.

दोन, पावसाळा. हे मला पूर्ण मान्य आहे आणि इथे मी तुमच्यापेक्षा कडक आहे. दमट पुठ्ठा वाईटच. सोमवारी ऑफिसवरून येताना मी चावी घेऊन खोलीवर गेलो, माळ्यावर बॅटरी घेऊन बसलो आणि सगळी खोकी एकेक करून बघितली. एकूण १८३ आहेत. टाकीच्या भिंतीला लागून जी ठेवली होती त्यातल्या १७ ना काळी बुरशी लागलीये, त्या १७ मध्येच दोनांत झुरळांची अंडी, एकाला कसर लागून लेबलाचा कोपरा खाल्लेला. ती गेलीच पाहिजेत, ती बाकीच्यांना पण बिघडवतील. फक्त जायच्या आधी त्यांचं लेबल कापून घ्या, झाकणावर काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो काढा, कागद आणि ट्रे चांगला असेल तर बाहेर काढा. बाकीची झाकणवाल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची, आणि पाऊस गेला की एकदा उघडून वारा द्यायचा, जशा आपल्या आया गोधड्या आणि गाद्या गच्चीवर टाकतात तसा. डांबरगोळ्या मात्र नको, त्यांची वाफ थर्माकोलला आणि पॉलिस्टायरिनच्या बॉडीला सोसत नाही.

तीन, फोम, आणि हा मुद्दा बैठकीत कुणी काढला नाही पण मी काढतो, कारण खोकं ठेवा म्हणणाऱ्याने हे सांगितलंच पाहिजे. जुन्या खोक्यांतला काळा किंवा करडा मऊ फोम कायमचा नसतो. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की सुटत जातो, आधी चिकट होतो आणि मग भुगा, आणि तो चिकट भुगा रंगावर बसला की रंग घेऊनच निघतो. वीस वर्षांचं खोकं असेल तर आज रात्रीच उघडा आणि फोमला बोट लावून बघा. बोटाला काही लागलं तर फोम फेका, खोकं ठेवा, आणि गाडीभोवती मूळचा तो पातळ पारदर्शक कागद किंवा साधा पांढरा टिश्यू गुंडाळा. बबल रॅप रंगाला टेकवून ठेवू नका, उन्हाळ्यात बुडबुड्यांचे गोल ठसे रंगावर उठतात, मी एका छान मरून डब्यावर ते बघितलेत आणि ते जात नाहीत. रबरबँड पण नको, ते वितळून चिकटतात. म्हणजे खोकं ठेवायचं याचा अर्थ गाडी त्यात कोंबून दहा वर्षं विसरायची असा नाही.

चार, आपल्यातले एक भाऊ म्हणाले की गाड्या चालवायला असतात, खोक्यात ठेवायला नाही. भाऊ, शंभर टक्के. मी शाळेच्या सहलीत पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये गेलो होतो, १९९८ मध्ये ते सुरू झालं त्याच्या थोडंच नंतर, दिवे घालवले आणि अंधारात गाडी डोंगराआडून आली, डब्यांच्या खिडक्यांत उजेड, तिथेच मी या नादाला लागलो. काचेच्या पेटीतली गाडी बघून लागलो नसतो. म्हणून तर म्हणतोय. चालणारी गाडीच झिजते, चालणाऱ्या गाडीलाच तेल लागतं, रबर लागतं, गिअर लागतो, दुरुस्तीला पाठवावी लागते, ने-आण लागते, आणि त्या प्रत्येक वेळी खोकं, लेबल आणि कागद लागतो. शोकेसमध्ये बसलेल्या इंजिनाला खोक्याची गरज तुमच्या इंजिनापेक्षा कमी आहे.

पैशाचं मी मुद्दाम शेवटी लिहितोय कारण आपल्यात कुणी विकायला घेत नाही. तरी खरं ते खरं. मूळ खोक्यासकट आणि खोक्याशिवाय यात बाहेर भाव वेगळा असतो, आणि गाडी जेवढी जुनी तेवढा तो फरक वाढतो, कारण त्या काळी पोरांनी पहिल्या दिवशी खोकं फाडलं आणि गाडी तेवढी राहिली. जुन्या हॉर्नबी डब्लोची, लायनेलची नुसती रिकामी खोकी वेगळी विकली जातात, इतकंच नाही तर हुबेहूब नवीन छापून पण विकतात. ज्या गोष्टीची लोक नक्कल छापून विकतात ती गोष्ट आपण किलोवर द्यायला निघालोय. आणि कंपन्या रिकामं खोकं सहसा वेगळं देत नाहीत, एकदा गेलं की गेलं.

अजून एक, हे थोडं विषयाबाहेरचं वाटेल. आपल्या नाशिकला ट्राम होती, १८८९ पासून, नाशिकरोडवरून थेट मेनरोडपर्यंत, घोडे ओढायचे. आपण सगळे रेल्वेवेडे, तरी त्या ट्रामचं मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा डब्याला खिडक्या किती होत्या, पायरी कुठे होती, रंग कोणता होता यावर आपण चार रविवार भांडलो आणि काम सोडून दिलं. थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातूनच, १८६५ ला रेल्वे गेली त्याची माहिती ढिगाने मिळते कारण रेल्वेने कागद ठेवले. आपल्या खोक्यांवरच्या पेन्सिलीच्या नोंदी तेवढ्या मोठ्या नाहीत हे मला कळतं. पण हा लेआउट कुणी बांधला, पहिलं इंजिन कोणाचं धावलं, हे आज आपल्याला तोंडपाठ आहे म्हणून कुठे लिहिलेलंच नाही, आणि माळ्यावरच्या एका झाकणावर ते लिहिलेलं मला सोमवारी सापडलं. आपल्याच जुन्या सेक्रेटरींचं अक्षर आहे.

तर माझा प्रस्ताव असा. १८३ पैकी ६१ खोकी रुळांची, पॉइंटची आणि घरांच्या किटची आहेत, किट बांधून झालं की घर त्या खोक्यात परत मावत नाही, त्यांचा काही उपयोग नाही. ९ कुरियरची. बुरशीची १७. ही ८७ शनिवारी खुशाल जाऊ देत, म्हणजे जवळजवळ अर्धा माळा तसाच मोकळा होतो. उरतात ९६, सगळी इंजिनांची आणि डब्यांची. त्यांच्यासाठी माझ्या इंदिरानगरच्या घरी पलंगाचे दोन बॉक्स मी रिकामे केलेत, बायकोशी बोलणं झालंय, तिनेच जुन्या चादरी दुसरीकडे हलवल्या. चार क्रेट मी आणतो, सिलिका जेल पण मी आणतो. रंग होऊन सुकला की पुढचं काय ते ठरवू, माळ्यावर फळी मारून भिंतीपासून हातभर लांब ठेवता येतील असं मला वाटतं, आणि फळीचा खर्च वर्गणीतून नको असेल तर मी देतो. ज्यांना आपलं खोकं घरी न्यायचंय त्यांनी न्या, तेच सगळ्यात चांगलं, आणि नेल्यावर झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख आणि तेल कधी दिलं एवढं तरी लिहा, पेनने नको, शाई पुठ्ठ्यातून फुटते.

अण्णा, तुम्ही बैठकीला अध्यक्ष होता म्हणून तुम्हाला वेगळं सांगतो, ठरलेलं मोडायचा माझा हेतू नाही, शनिवारचा रद्दीवाला येऊ दे, रंग पण ठरल्या दिवशीच होऊ दे. फक्त गाड्यांची ९६ बाजूला काढायची परवानगी द्या. शुक्रवारी संध्याकाळी सातला मी खोलीवर आहे.

आणि त्या ९६ पैकी ४१ खोक्यांवर कुणाचंच नाव नाही. मी नंबर लिहून यादी केलीये, ग्रुपवर टाकतो. त्यातलं एक लहानसं पिवळट खोकं आहे, कोपरे घासलेले, आत ट्रे अगदी कोरा, कागद आहे, आणि एका पाकिटात दोन ज्यादा बफर आहेत. लेबलाच्या नंबरावरून ते आपल्या यार्डात रोज फिरणारं निळं शंटर (डबे इकडेतिकडे हलवणारं छोटं इंजिन) असावं, ज्याचा डावीकडचा बफर गेल्या उन्हाळ्यापासून नाहीये. ज्याचं असेल त्याने शुक्रवारी घेऊन या, मी चिमटा आणि फेव्हिक्विक आणतो, बसवून बघू.

आपला,
इंदिरानगरवाला